समोरच्या वहिनींचं गेट

पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. मी ४९ वर्षांची. नागपुरात बेसा भागातल्या एका लेआउटमध्ये आमचं घर आहे. घरी मिस्टर, सासूबाई आणि मी. मुलगी पुण्याला नोकरीला असते. पावसाळ्यात ती आली होती तेव्हा तिने माझ्या मोबाइलवर ‘डेस्परेट हाउसवाइव्ह्ज’ नावाची अमेरिकन मालिका लावून दिली. एका गल्लीतल्या चौघी बायका आणि त्यांच्या संसारातल्या भानगडी. खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती वाचत वाचत मला समजतं. आता दुसरा सीझन चालू आहे. दुपारी ओटा पुसून झाला की कधी एकदा मोबाइल हातात घेते असं होतं मला.

मिस्टर म्हणतात, ‘लोकायची लफडी पाहून काय भेटते तुले?’ एकदा सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि नेमका तेव्हा त्या गॅब्रिएलचा आणि बागेत काम करणाऱ्या पोराचा सीन चालू होता. त्या काही बोलल्या नाहीत, आत निघून गेल्या. तेव्हापासून मी हेडफोन पदराखालून घेते आणि चोरी केल्यासारखी बघते. भिशीत सगळ्या मराठी सिरियलींवर बोलतात, मी गप्प बसते. एवढा रस मला यात का वाटतो? माझ्यातच काही खोट आहे का?

जाता जाता एक. आमच्या समोरच्या वहिनी दिवाळीपासून भिशीला येत नाहीत. पैसे मोबाइलवरून पाठवून देतात, गेट लागलेलं असतं. मालिका बघायला लागल्यापासून माझं लक्ष सारखं त्या गेटकडे जातं. भिशीत सगळ्या म्हणतात, ‘राहू द्या, ज्याचं त्याला.’ मी चौकशी केली तर भोचक दिसेन का? का ही मालिकाच माझ्या डोक्यात गेली आहे?

– एक वाचक, नागपूर

उत्तर :

ताई, मालिका खुशाल बघा. पदराखालून हेडफोन नको, चोरी तर नकोच नको. सकाळी साडेपाचला उठून, डबे भरून, सासूबाईंचं औषधपाणी आणि दुपारचं जेवण आटोपून ओटा पुसल्यावर जे दोन तास उरतात, ते तुमच्या हक्काचे आहेत. तुमच्यात कसलीही खोट नाही.

मिस्टरांचा ‘लफडी’ हा शब्द मात्र जरा तपासून बघू या. ही मालिका मी शेवटपर्यंत पाहिलेली आहे. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ती ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झाली आणि मे २०१२ मध्ये संपली. आठ सीझन, १८० भाग. पुढचं मी काही फोडत नाही, तुमची मजा घालवायची नाही मला. लफडी त्यात आहेतच, भरपूर आहेत. पण पहिला भाग आठवा. मेरी अ‍ॅलिस रोजच्यासारखी उठते, घरच्यांचा नाश्ता होतो, एकेक काम हातावेगळं करते, सगळं घर लख्ख आवरते, आणि त्याच दिवशी स्वतःचं आयुष्य संपवते. मेल्यानंतरही पुढची सगळी गोष्ट सांगते तीच. मग शेजारणी तिच्या घरी जेवण घेऊन येतात. लिनेट तळलेलं चिकन आणते, सुझन तिची ती बिघडलेली मॅकरोनी आणते, ब्री मफिन्सच्या टोपल्या आणते आणि दुःखात बुडालेल्या नवऱ्याला सांगते, की टोपल्या तेवढ्या परत करा. किती जणी आल्या, किती प्रकार आले! आणि त्यातल्या एकीलाही ती आतून कुठल्या अवस्थेत होती याचा पत्ता नव्हता. शेजारी राहत होत्या, पत्ते खेळायला एकत्र बसत होत्या, तरी नव्हता.

तुम्हाला रस वाटतो तो या जागी वाटतो, ताई. तुमच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद तुम्ही ‘जाता जाता’ म्हणून लिहिलात. मला तर सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय असं वाटतं. पण त्याच्याकडे यायच्या आधी थोडं मालिकेबद्दल बोलू या, कारण तुम्हाला बोलायला कोणी मिळालेलं नाही आणि मलाही ही मालिका मनापासून आवडते.

ती लिहिणारे मार्क चेरी यांनी तिचा जन्म कसा झाला ते अनेकदा सांगितलं आहे. टेक्सासमधल्या एका आईने आपल्या पाच मुलांचा जीव घेतला होता, २००१ सालची गोष्ट. त्या खटल्याची बातमी टीव्हीवर चालू होती आणि चेरी आपल्या आईबरोबर ती पाहत होते. एखादी बाई इतकी कशी हताश होऊ शकते, असं काहीतरी ते बोलले. तर आई म्हणाली, की त्या टोकापर्यंत मीही कधीतरी पोचले होते. ही त्यांची आई म्हणजे त्यांच्या लेखी आदर्श गृहिणी. घर, नवरा, तीन मुलं, सगळं जिथल्या तिथे. मुलगा चाळिशीला येईपर्यंत त्याला आईची ही बाजू माहीत नव्हती. त्याने विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. विस्टेरिया लेन, म्हणजे मालिकेतली ती गल्ली, त्या एका वाक्यातून उभी राहिली.

आता लिनेटचा तो दुकानातला सीन घ्या. जाहिरात कंपनीतली मोठी नोकरी सोडून ही बाई चार पोरांमागे धावते आहे. केस विस्कटलेले, पोरं दुकान डोक्यावर घेतायत, आणि जुनी सहकारी भेटून विचारते, आई होणं आवडतंय ना? लिनेट क्षणभर थांबते आणि सांगते, की याहून चांगलं काम मी कधी केलेलं नाही. ती क्षणभर थांबते ना, तिथे माझ्या पोटात कालवलं होतं. तुम्ही आणि मी हे उत्तर किती वेळा दिलं असेल! बर्डीवर, बाजारात, कोणी जुनी मैत्रीण भेटते, ‘कशी आहेस बाई?’ विचारते आणि आपण पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणतो, ‘मस्त! अगदी मजेत.’ त्या दिवशी घरी काय झालेलं असतं ते आपल्यालाच ठाऊक.

आणि त्याच पहिल्या सीझनमधला मैदानावरचा प्रसंग. लिनेट थकून, मुलांच्या चंचलपणावरच्या गोळ्या स्वतःच घेऊन घेऊन पार कोसळलेली असते. मुलांना शेजारी सोडून एका मैदानावर जाऊन बसते. ब्री आणि सुझन तिला शोधत येतात. ती रडत रडत सांगते, की मला हे जमत नाहीये. त्यावर त्या दोघी तिला उपदेश करत नाहीत. आपापल्या मुलांच्या लहानपणी आपण कशा रडायचो ते सांगतात. ब्रीसुद्धा, जिच्या घरात चमचासुद्धा वाकडा पडलेला नसतो. लिनेट चकित होऊन विचारते, की मग हे आधी का नाही सांगितलंत कधी? मला विचाराल तर १८० भागांतली ही दोन-तीन मिनिटं सर्वांत मोलाची आहेत. याच्यासाठी मी या मालिकेचं बाकी पुष्कळ काही माफ करते.

माफ करण्यासारखं आहेच. गॅब्रिएल आणि तो बागेतला पोरगा, ज्यावरून तुम्ही सासूबाईंसमोर ओशाळलात. तो शाळेत जाणारा मुलगा आहे, सतरा वर्षांचा. त्याच्याकडे बघून मालिका हसते तिथे मला हसू आलं नाही. मुलाच्या जागी मुलगी असती तर कोणालाच आलं नसतं. असं काही खटकलं तर खटकू द्या. एखादी मालिका आवडते म्हणून तिच्यातलं सगळंच गोड मानायचं कारण नाही. पुढेपुढे ती ताणलीही आहे, दर सीझनला नवं रहस्य हवंच म्हणून. कंटाळा आला तर खुशाल सोडून द्या, शेवटपर्यंत बघितलीच पाहिजे असं काही नाही.

सासूबाईंचं म्हणाल, तर त्यांच्याबद्दल तुमचा अंदाज चुकत असेल असं मला वाटतं. त्या काही न बोलता आत गेल्या, एवढंच तुम्ही लिहिलं आहे. रागावल्या हे तुमच्या मनाने जोडलेलं आहे. त्यांच्या वयाच्या बायकांनी ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून जास्त भाग पाहिलेले आहेत, रोहिणी हट्टंगडींची करारी सासू आणि कविता लाडची सून वर्षानुवर्षं बघितली आहे. त्याच्याही आधी १९९४ मध्ये दूरदर्शनवर दुपारी ‘शांती’ लागायची, तेव्हा आम्ही राहायचो तिथे निम्म्या घरांची दारं त्या वेळात वाजवली तरी उघडत नसत. संसारातल्या गुंत्यांच्या गोष्टी या बायकांना नव्या नाहीत. एखाद्या दुपारी सासूबाई व्हरांड्यात उन्हाला बसल्या असतील तेव्हा मोबाइल घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, ‘आई, यातली एक बाई तुम्हाला दाखवायची आहे.’ ब्री दाखवा. जेवणाच्या टेबलावर तिने मांडलेली ती ताटं, ती घडी घातलेली रुमालं. भाषा कळली नाही तरी चालेल, तुम्ही सांगत जा. मला खात्री आहे, त्या दहा मिनिटांत म्हणतील, ‘अशीच होती बाप्पा आमची मोठी जाऊ.’

भिशीत गप्प बसायचंही कारण नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ लागायची तेव्हाचं आठवतं का? २०१६ मध्ये ती सुरू झाली आणि राधिका नागपूरची म्हटल्यावर आमच्या भिशीत सुरुवातीचे दोन महिने दुसरा विषयच नव्हता. आपण असं बोलतो का, इतकं ‘काहून’ ‘काहून’ करतो का, यावर वाद. मग हळूहळू एकीने आपल्या बहिणीचं सांगितलं, की तिच्या घरीही असंच एक प्रकरण होतं. मग दुसरीने. बहिणीच्या नावाखाली कोणी स्वतःचंही सांगितलं असेल. सिरियलीवर बोलताना बायका पुष्कळ काही बोलून जातात, जे सरळ विचारलं तर कधी बोलल्या नसत्या. तुम्ही लिनेटचं सांगून बघा भिशीत. नाव घ्यायचीही गरज नाही, ‘एका मालिकेत एक बाई आहे, तिला चार पोरं’ एवढ्यावर सुरू करा.

आता समोरचं गेट.

मी तुम्हाला माझं सांगते. १९९८ चा मे महिना. नरेंद्रनगरच्या बाजूला आम्ही नुकतंच घर बांधलं होतं, आजूबाजूला अर्धे प्लॉट रिकामे. शेजारच्या घरात माझ्याच वयाची एक जण राहायची. मी त्यांना वहिनी म्हणायची, त्या मला वहिनी म्हणायच्या. त्यांचा कूलर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होता. पत्र्याचा मोठा डबा, पंप सुरू झाला की ताट्यांवरून पाणी टपटपायचं आणि पंख्याची एक विशिष्ट घरघर व्हायची. मेमध्ये नागपुरात ती घरघर दिवसभर कानात असते, ती आहे हे लक्षातही येत नाही. एका दुपारी मी वाळवणं उलटायला गच्चीवर गेले आणि मला एकदम जाणवलं, की शांत आहे. गावाला गेल्या असतील म्हटलं. पण दोरीवर कपडे होते. दुसऱ्या दिवशीही शांत. तिसऱ्या दिवशीही. पारा पंचेचाळिसाच्या वर, आणि आत माणसं आहेत, आणि कूलर बंद.

मी विचारलं नाही. मला वाटलं, बिघडला असेल, दुरुस्तीवाला येईल. मग वाटलं, विचारलं तर त्यांना वाटेल आमच्या घरात डोकावते. यांनीही तेच सांगितलं, ‘आपल्याला काय करायचं आहे?’ जूनमध्ये एका सकाळी टेम्पो आला, सामान भरलं आणि ते लोक गेले. गेटजवळ त्या माझा हात धरून उभ्या राहिल्या तेव्हा कळलं, की त्यांच्या मिस्टरांची नोकरी फेब्रुवारीतच गेली होती. विजेचं बिल वाचावं म्हणून कूलर बंद. दोन लहान मुलं घेऊन ओल्या चादरी अंगावर टाकून त्या दुपारी काढत होत्या, आणि आमच्याकडे त्याच वेळी दोन कूलर चालू होते. मुलांना तरी माझ्याकडे झोपायला पाठवा म्हणण्याइतकंसुद्धा मला सुचलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. सत्तावीस वर्षं झाली. अजूनही मेमध्ये कोणाचा कूलर बंद दिसला की मी खिडकीशी जाऊन उभी राहते.

म्हणून सांगते, तुमच्या डोक्यात मालिका गेलेली नाही. तुमचं लक्ष गेलं आहे, आणि ते बरोबर ठिकाणी गेलं आहे. दर महिन्याला येणारी बाई दिवाळीपासून येत नाही, पैसे चुकवत नाही पण तोंड दाखवत नाही, ही साधी गोष्ट असू शकते. घरात आजारपण असेल, मुलाची बारावी असेल, भिशीतल्याच कोणाचा शब्द लागला असेल. तसंच असो. पण ते विचारल्याशिवाय कळणार नाही.

भोचकपणा कुठे होतो ते मात्र नीट बघा. भिशीच्या ग्रुपवर ‘वहिनी का येत नाहीत हो?’ असं टाकलंत तर तो भोचकपणा. दोघीतिघी मिळून गेलात तर ती तपासणी होते. गेटजवळ उभं राहून, भाजीवाला ऐकतोय अशा आवाजात ‘काय झालं?’ म्हणालात तर त्या ‘काही नाही, मस्त’ म्हणतील आणि गेट पुन्हा लागेल. आणि त्यांनी काही सांगितलं तर ते तुमच्यापाशी राहिलं पाहिजे. मिस्टरांपाशीसुद्धा नाही, मुलीपाशी फोनवरसुद्धा नाही. हे जमणार असेल तरच जा.

एकट्या जा. अकराच्या सुमारास, घरातले पुरुष कामावर गेलेले असतात तेव्हा. ‘तुम्ही का येत नाही’ असं विचारू नका. ‘मला तुमची आठवण आली’ म्हणा, आणि ते खरंच आहे. आत बोलावलं तर बसा, आणि आधी स्वतःचं काहीतरी सांगा. मुलगी पुण्याला गेल्यापासून संध्याकाळी घर कसं खायला उठतं ते सांगा, किंवा मोबाइलवर चोरून मालिका बघता ते सांगा. ब्री आणि सुझनने मैदानावर हेच केलं होतं. मग थांबा. त्या काही बोलल्या नाहीत तर हवापाण्याच्या गप्पा मारून उठा आणि चार दिवसांनी परत जा. दारच उघडलं नाही तरी चार दिवसांनी परत जा.

बोलल्या आणि त्यात जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं काही निघालं, तर ‘असं वेड्यासारखं बोलू नये’ म्हणून ते मिटवू नका. मनात जीव द्यायचे विचार येतात का, असं सरळ विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी त्यांना एकटं सोडून उठू नका, त्यांच्या विश्वासातल्या घरच्या माणसाला बोलावून घ्या. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ या नंबरवर रात्री-अपरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे सोबत जाता येईल. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ आहे, आणि लगेच धोका असेल तर ११२. हे तीन नंबर आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. बहुतेक लागणार नाहीत, पण असू द्या.

आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. सध्या थंडी आहे, बाजारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर आणि स्वस्त आहे. चार जुड्या आणा, निवडून, धुऊन, फडक्यावर चांगला कोरडा करा, ओला राहिला तर सांबारवडी तळताना फुटते. खोबरं, खसखस, चारोळी घालून सारण करा, बेसनाच्या पारीला आतून चिंचेचा कोळ आणि मसाला लावा, आणि सासूबाईंना पुडा बांधायला जवळ बसवा. त्यांचा हात तुमच्याहून चांगला असणार, आणि समोर कोणासाठी चाललंय ते त्यांनाही कळू दे. कढी बरोबर न्या, वेगळ्या बरणीत.

डबा स्टीलचा घ्या, तुमचं नाव कोरलेला. प्लास्टिकचा नको, तो लोक ठेवून घेतात किंवा टाकून देतात. ब्रीसारखा परत मागू नका. आपल्याकडे कोणी डबा रिकामा परत करत नाही, हे समोरच्या वहिनींनाही माहीत आहे. तो त्यांच्या ओट्यावर राहील, दोन दिवस, चार दिवस, आणि कधीतरी त्यात घालायला काय करावं असं त्यांच्या मनात येईल. तेव्हा तुमचं गेट उघडं असू द्या, आणि मला लिहा.